उपरण्याखालचा पाठ

डिपुटीनं मास्तरांना फसवलं. हे मी आधीच सांगून टाकतो, कारण माझ्या धंद्यात माल आधी उघडून दाखवायचा आणि मग बोलायचं अशी रीत आहे. अकोल्याच्या एका शाळामास्तरानं आपल्या हातानं लिहिलेली वही शाळाखात्याच्या डिपुटी इन्स्पेक्टरानं ‘साहेबांना दाखवतो, आठ दिवसांत परत करतो’ असं म्हणून नेली आणि वर्षभरानं ती स्वतःच्या नावानं छापून काढली. ही ऐकीव गोष्ट नाही. ती वही शाळेतून उचलून डिपुटीच्या दोन बैलांच्या दमणीत नेऊन ठेवणारा माणूस मीच. जन्मभर मी कापसाची दलाली केली, पावती घेतल्याशिवाय कुणाच्या गाडीत चिमूटभर सरकी टाकली नाही, आणि ही एक वही मात्र हसत हसत देऊन आलो. त्याचा राग अजून गेलेला नाही. जाऊही नये.

पण आधी मास्तर सांगतो.

मास्तर उंच होते आणि उंचीची लाज वाटावी तसे वाकून चालायचे. डोक्यावर पागोटं, पागोट्यावर टोपली. माळ्यानं वांगी न्यावीत तशी टोपली डोक्यावर घेऊन हा ब्राह्मण जुन्या शहरातून शाळेकडे निघाला की दुकानदार मुद्दाम विचारायचे, “काय मास्तर, आज काय भाव?” मास्तर थांबायचे, टोपली उतरवायचे आणि खरोखरच दाखवायचे. पळी, अडकित्ता, कुलूप, बैलाच्या गळ्यातली घंटा, तुटका कंगवा, दोन कवड्या, गुळाचा खडा. “हे माहं व्याकरण आहे,” असं म्हणायचे आणि पुढे निघायचे.

त्यांच्या घरी मी जेवायला गेलो की वहिनींची तक्रार ठरलेली. एकदा पोळी तव्यावर करपली. वहिनी पदरानं धूर वारत म्हणाल्या, “उलथनं कुठून आणू भाऊजी? ते तिसऱ्या वर्गात शिकून राहिलं. पळी तं पहिलेच पास झाली.” मास्तर पानावरून मान वर न करता म्हणाले, “उलथनं हुशार आहे. पोरं त्याले घेऊन लवकर शिकतात.”

मी त्यांच्या वर्गात सव्विसाव्या वर्षी जाऊन बसलो. मूर्तिजापूरच्या बाजूच्या एका खेड्यातला मी, चार भावांतला धाकटा. जमीन थोरल्यांच्या वाट्याला, माझ्या वाट्याला गाडीचे बैल. गाडी हाकत हाकत अकोल्याच्या बाजारात आलो, हमाली केली, मग दलाली. त्याच सुमारास दूर अमेरिकेत लढाई जुंपली आणि तिकडचा कापूस विलायतेला जायचा थांबला. मग सगळ्या जगाला वऱ्हाड आठवलं. मोर्णा नदीच्या काठी गाड्यांच्या रांगा लागल्या. ज्यांनी कधी पायात जोडा घातला नव्हता त्यांनी बैलांच्या शिंगांना चांदीच्या शेंब्या चढवल्या. मुंबईहून गोऱ्या व्यापाऱ्यांचे गुमास्ते आले, त्यांच्यामागून खुद्द गोरे आले आणि दोघांच्या मध्ये एक दुभाष्या उभा राहिला. हा दुभाष्या माझ्या बोलण्यात स्वतःचं बोलणं मिसळायचा. मी म्हणायचो एक, साहेबाच्या कानावर जायचं दुसरं. साहेब हसला की मला वाटायचं सौदा जमला, आणि मागाहून कळायचं की तो माझ्यावर हसला होता. एक दिवस माझं डोकं फिरलं. दुभाष्याची कॉलर धरली, ती फाटली, आणि मी तसाच तरातरा शाळेत गेलो.

“मास्तर, इंग्रजी शिकवा. फी काय घेता?”

“पोरांची आहे तीच.”

“मी पोरगा नाही. पोरापेक्षा लवकर शिकतो. तुमचा वेळ वाचतो. मग फी कमी पाहिजे.”

मास्तरांनी टोपलीत एकदा नजर टाकली. मग म्हणाले, “फी नको. रोज एक वस्तू आण. आजवर वर्गात आली नाही अशी.”

मला तो सौदा फायद्याचा वाटला. पुढे कळलं की रोज नवी वस्तू आणणं हे फी देण्यापेक्षा महाग पडतं. मी तराजूचं पारडं नेलं, नाल नेली, पखालीचा तुकडा नेला, शेवटी शेवटी तर शेजाऱ्याचा कोंबडा नेला. मिशांना पीळ देणारा एक दलाल दहा-बारा वर्षांच्या पोरांच्या रांगेत मांडी घालून बसलेला आणि त्याच्या मांडीवर कोंबडा. तुळशीराम नावाचा अकरा वर्षांचा एक वात्रट पोरगा माझ्या शेजारी बसायचा. तो म्हणाला, “काका, कोंबड्याले किती येते इंग्रजी?” मी म्हणालो, “तुह्यापेक्षा जास्त.” कोंबडा आरवला. मास्तर म्हणाले, “बरोबर आहे.”

आता त्यांची शिकवण्याची तऱ्हा. ‘मला, तुला, त्याला, आम्हाला, त्यांना’ ही जी सर्वनामाची रूपं आहेत, ज्यांना काहीतरी मिळतं किंवा ज्यांचं काहीतरी होतं, ती इतर शाळांत फळ्यावर लिहून, घोकून, छडी खाऊन शिकवत. मास्तर फळ्याला हात लावत नसत. त्यांचं एक वाक्य होतं, “वस्तू हलली की शब्द बसतो.” पळी या पोराकडून त्या पोराकडे गेलीच पाहिजे. देणाऱ्यानं म्हणायचं, मी याले पळी देल्ली. घेणाऱ्यानं म्हणायचं, यानं मले पळी देल्ली. आणि बसून पाहणारा तिसरा म्हणायचा, त्यानं त्याले पळी देल्ली. गोष्ट एकच, तोंडं तीन, आणि तिघंही खरे. आधी वऱ्हाडीत, मग पुस्तकी मराठीत, मग इंग्रजीत. “पहिले मले आलं पाहिजे,” असं म्हणायचे, “मग मला येते, आणि मंग साहेबाचंही येते. ज्याले घरचंच येत नाही त्याले बाहेरचं कोन देते?”

इंग्रजीत ‘मला’ हे ‘मी’सारखं ऐकू येतं, म्हणून सगळी पोरं आधी घोटाळा करायची. मास्तरांनी उपाय शोधला. इंग्रजीतला तो शब्द हात पसरल्याशिवाय उच्चारायचाच नाही. तळहात वर, मग शब्द. पंधरा दिवसांत घोटाळा संपला. फक्त माझा हात कायमचा पसरला. पुढे गोऱ्या साहेबाशी दुभाष्याशिवाय पहिल्यांदा बोललो तेव्हा प्रत्येक ‘गिव्ह मी’ला माझा तळहात आपोआप पुढे जायचा. साहेबाला वाटलं नमुना मागतो आहे. तो दर वेळी थोडा कापूस माझ्या हातावर ठेवायचा. सौदा संपेपर्यंत माझ्या दोन्ही खिशांत मिळून एका उशीचा कापूस जमला होता. पण सौदा झाला, माझ्या भावानं झाला, आणि दुभाष्या ओसरीवर बसून नखं खात राहिला. त्या दिवशी मी मास्तरांच्या घरी नवं उलथनं नेऊन दिलं. दुसऱ्या दिवशी तेही शाळेत गेलं.

आणखी एक नियम होता, आणि तो लक्षात ठेवा. घेणाऱ्यानं मोठ्यानं ‘यानं मले देल्लं’ असं म्हटल्याशिवाय ती वस्तू त्याची व्हायची नाही. एकदा गुळाचा खडा फिरत होता. तुळशीरामाच्या हातात आला आणि त्यानं तो तोंडात टाकला. तोंड बंद, गाल फुगलेला, बोलणार कसा? मास्तर समोर उकिडवे बसले.

“बोल.”

तुळशीरामानं मान हलवली.

“कोनं देल्ला?”

पुन्हा मान. गूळ गिळून झाला तरी गडी बोलेना, कारण आता बोलण्यात चोरीची कबुली होती. मास्तरांनी मारलं नाही, रागावले नाहीत. फक्त म्हणाले, “पाठ बाकी आहे.” दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच, “पाठ बाकी आहे.” तिसऱ्या दिवशीही. चौथ्या दिवशी तुळशीराम वर्गात शिरला आणि जागेवर बसायच्या आधीच रडत ओरडला, “त्यानं मले गूळ देल्ला! मीच खाल्ला!” मास्तरांनी टोपलीतून दुसरा खडा काढून त्याच्या हातावर ठेवला. “हा तुहा. त्या दिवशीचा तुहा नव्हता.”

मास्तरांच्या तोंडी आणखी एक म्हणणं असायचं, “द्यायले दोघं लागतात, सांगायले तिसरा.” तेव्हा मला ते व्याकरण वाटायचं.

कापसाच्या त्या दिवसांत शाळेची पडवीही भाड्यानं गेली. घरमालकानं तिथे कापूस भरला. मास्तरांनी वर्ग कापसाच्या गाठींवर बसवला. खालच्या इयत्ता खाली, वरच्या वर. पोरांच्या डोक्यात, पाटीवर, मास्तरांच्या मिशीत कापसाचे पांढरे तंतू. कोणी शिंकलं की मास्तर विचारायचे, “कोन शिंकलं? कोनाले शिंक आली?” आणि पोरं एकदम, “त्याले!”

मी एकदा त्यांना कापसाच्या बाजारात घेऊन गेलो. त्यांना हत्ता पाहायचा होता. हत्ता म्हणजे घेणारा आणि दलाल समोरासमोर बसतात, हातावर उपरणं टाकतात आणि उपरण्याखाली एकमेकांची बोटं दाबून भाव करतात. तोंडातून अक्षर नाही. चेहरा दगडाचा. भोवती वीस माणसं उभी, पण भाव त्या दोघांनाच ठाऊक. मास्तर तासभर उन्हात उभे राहिले. त्यांच्या कानावर पडत होतं ते उभ्या लोकांचं बोलणं. “त्यानं त्याले काय म्हटलं?” “तो तुले काय देऊन राहिला?” “मले नाही देल्ला, त्याइले देल्ला.”

मास्तरांनी माझं मनगट इतकं दाबलं की मला वाटलं भाव करताहेत.

“अरे दलाला! अख्ख्या बाजारात कोनी नाव घेत नाही, नुसती सर्वनामं, आन् एक चूक नाही!”

त्यातून बारावा पाठ जन्मला. दोन पोरं समोरासमोर, हातांवर मास्तरांचं उपरणं. एक जण बोटं दाबून सांगणार की मी तुला किती चिंचोके देतो. भोवतीच्यांना दिसत नाही, म्हणून विचारावंच लागतं. त्यानं तुला किती दिले? त्यानं मला पाच दिले. तू त्यांना काय देतोस? मी त्यांना काही देत नाही. उपरणं झाकलेलं म्हणून प्रश्न खरा, आणि प्रश्न खरा म्हणून उत्तर खरं. जे वर्षभर घोकून येत नव्हतं ते आठ दिवसांत आलं. पोरं शाळा सुटल्यावरही नदीवर बसून हत्ता करायची. घरोघरी चिंचोके संपले.

मास्तर हे सगळं एका वहीत लिहून ठेवायचे. कोणत्या पाठात कोणती वस्तू, कोण देणार, कोण घेणार, कोण सांगणार. पोरांची नावंसुद्धा तीच. तुळशीरामाच्या गुळाचा पाठही त्यात होता.

डिपुटी आला तो या दिवसांत. पुण्याकडचा माणूस, अमरावतीला कचेरी. धोतराची घडी मोडू नये म्हणून बसताना ती पोरासारखी जपणारा. त्यानं पहिल्याच तासाला तुळशीरामाला उभं केलं.

“हे पुस्तक तुला कोणी दिले?”

“मले मास्तरनं देल्लं.”

“मला! मास्तरांनी! दिले!” डिपुटी प्रत्येक शब्दावर छडी आपटत म्हणाला. मग मास्तरांकडे वळला, “ही काय भाषा आहे?”

“पहिली,” मास्तर म्हणाले. “दुसरी आन् तिसरीही येते त्याले. इचारून पाहा.”

डिपुटीनं इंग्रजीत विचारलं. तुळशीरामानं तळहात पसरून इंग्रजीत उत्तर दिलं. पुस्तकी मराठीत विचारलं, पुस्तकी मराठीत दिलं. डिपुटीनं छडी खाली ठेवली. त्यानं दोन दिवस सगळे वर्ग पाहिले, अकरा पाठ पाहिले. तिसऱ्या दिवशी बारावा पाठ होता, पण कापसाच्या तंतूंनी डिपुटीला शिंकांचा असा झटका आला की डोळे लाल झाले. नाकाला रुमाल लावून तो म्हणाला, “फार उत्तम. हे कुठे लिहून ठेवले आहे का? साहेबांना दाखवतो. आठ दिवसांत परत करतो.”

मास्तरांनी वही दिली. मी उभा होतो. माझ्या मनात आलं, पावती मागावी. पण शाळेत पावती मागणं बरं दिसेना. उलट मी म्हणालो, “आना साहेब, मी ठेवून देतो गाडीत,” आणि नेऊन ठेवली. डिपुटीनं ‘मला दिली’ असं म्हटलं नाही. नियम मोडला, आणि वर्गातल्या एकाही पोराच्या लक्षात आलं नाही. माझ्याही नाही.

आठ दिवस गेले. पावसाळा गेला. पुढच्या हंगामात शाळेत एक गठ्ठा आला. पातळ, पिवळ्या पुठ्ठ्याचं नवं पुस्तक, वर डिपुटीचं नाव. मास्तरांनी उघडलं आणि मोठ्यानं हसले.

“तुळशीराम! अबे, तू छापून आला!”

त्या गृहस्थानं नावंसुद्धा बदलली नव्हती. तुळशीराम पळी देत होता, गूळ खात होता, सगळं होतं. फक्त ‘देल्लं’ची जागा ‘दिले’नं घेतली होती. मी पुस्तक हातात घेतलं, वरचं नाव पुन्हा वाचलं आणि पुस्तक मिटलं.

“चला अमरावतीले.”

“काहून?”

“काहून म्हणता? पुस्तक तुमचं आहे!”

“म्हणूनच चांगलं आहे,” मास्तर म्हणाले. “बस. पोरं वाचून राहिली. वाचू दे.”

मी त्यांच्यावर ओरडलो. इतका ओरडलो की गाठीवर बसलेली पोरं खाली उतरली. “मास्तर, माझ्या मालावर दुसऱ्यानं आपली खूण मारली तर मी त्याचं टाळकं फोडतो!” मास्तर म्हणाले, “तुहा माल घेतला की तुह्यापाशी राहत नाही. माहा तर अजून माह्यापाशीच आहे.” अशा माणसाशी काय भांडणार? मी रागानं दोन दिवस शाळेत गेलो नाही. तिसऱ्या दिवशी वर्गासाठी बैलाची झूल घेऊन गेलो.

गोष्ट इथेच संपली असती, पण चोराला चोरी पचली की तो मालकाला शहाणपण शिकवायला येतो. अमरावतीहून हुकूम आला. यापुढे सर्व शाळांत छापील पुस्तकाबरहुकूम पाठ घ्यावेत. अकोल्याचे मास्तर बारावा पाठ पुस्तकाप्रमाणे घेत नाहीत अशी तक्रार आहे. सुधारणा न झाल्यास जागा सोडावी लागेल. अमरावतीस सर्व मास्तरांपुढे डिपुटीसाहेब स्वतः नमुन्याचा पाठ देणार आहेत, त्यास हजर राहावे.

मी पुस्तकातला बारावा पाठ तेव्हा पहिल्यांदा नीट वाचला. मास्तरांनी वहीत त्या जागी दोनच शब्द लिहिले होते, ‘मग उपरणे’. अकोल्यात त्यापुढे लिहायची गरज काय? शेंबड्या पोरालाही समजतं. पण पुण्याच्या माणसानं जन्मात कापसाचा बाजार पाहिला नव्हता आणि बारावा पाठ शिंकेनं बुडाला होता. मग त्यानं आपल्या डोक्यानं लिहिलं होतं. ‘या वेळी विद्यार्थ्याच्या मस्तकावर उपरणे घालून मुख झाकावे, जेणेकरून त्याचे चित्त विचलित होणार नाही.’

मी वाचलं आणि हसता हसता मला ठसका लागला. मग हसू थांबलं. या वाक्यासाठी मास्तरांची जागा जाणार होती. स्वतःचीच वही चुकीची शिकवतात म्हणून.

“मास्तर, आता चला.”

या वेळी ते ‘काहून’ म्हणाले नाहीत. वहिनींनी दशमी बांधून दिली आणि मला बाजूला घेऊन म्हणाल्या, “भाऊजी, तिथं त्याइले बोलू देजा. तुमी पहिले नोका ओरडू.” मी कबूल केलं. माझी गाडी, माझे बैल. मास्तर, त्यांची टोपली, तुळशीराम आणि मी.

अमरावतीच्या शाळेत वऱ्हाडातले वीस-पंचवीस मास्तर जमले होते. पुढे खुर्चीवर शाळाखात्याचा गोरा साहेब. शाळेच्या नव्या इमारतीला ज्यांनी हातभार लावला ते कापसाचे व्यापारी दुसऱ्या रांगेत गाद्यांवर. मी त्यांच्यात बसलो, त्यातले निम्मे माझे गिऱ्हाईक. डिपुटीनं आपल्या पुस्तकाबद्दल बरंच बोलून घेतलं. आपण किती वर्षं विचार केला, किती परिश्रम घेतले. मास्तर मागच्या ओळीत टोपली मांडीवर घेऊन शांत ऐकत होते. मी जीभ दातांत धरली.

मग बारावा पाठ. डिपुटीनं दोन पोरांना समोरासमोर उभं केलं आणि दोघांच्या डोक्यांवरून उपरणं सोडलं. पोरं आत बावरली.

“आता, त्याने तुला काय दिले?”

आतून आवाज आला, “गुरुजी, कोनं? मले काही दिसत नाही.”

एक व्यापारी हसला. डिपुटी म्हणाला, “चित्त एकाग्र कर! त्याने तुला काय दिले?”

“कोहनी देल्ली नाकावर!”

मग सगळी गादी हसली. माझ्या शेजारचा म्हातारा व्यापारी मोठ्यानं म्हणाला, “अहो डिपुटीसाहेब, हे लगीन आहे का सौदा? अंतरपाट धरला तं मंगलाष्टका तरी म्हणा!” दोन पोरं उपरण्यात अडकून एकमेकांवर पडली. साहेबानं विचारलं, हे उपरणं कशाला आहे? डिपुटीनं चित्ताचं सांगितलं. साहेबाचं समाधान झालं नाही. त्यानं पुन्हा विचारलं, पण कशाला?

मी वहिनींना दिलेला शब्द तिथे मोडला. उभा राहिलो आणि माझ्या मोडक्यातोडक्या इंग्रजीत, दोन्ही तळहात पसरून, साहेबाला म्हणालो की ज्यानं हा पाठ केला त्यालाच विचारा, तो मागच्या ओळीत बसला आहे.

सभा वळली. मास्तर उठले. घाईनं नाही, रागानं नाही, टोपली डोक्यावर घ्यायची की हातात याचा क्षणभर विचार करून. पुढे आले, जमिनीवर पडलेलं उपरणं उचललं, झटकलं, आणि पोरांकडे गेलेच नाहीत. ते सरळ गादीकडे आले. त्या म्हाताऱ्या व्यापाऱ्याला आणि मला समोरासमोर बसवलं आणि आमच्या हातांवर उपरणं टाकलं.

“करा सौदा.”

बस. पंचवीस मास्तर पुढे सरकले. म्हाताऱ्यानं माझी बोटं दाबली. तुळशीराम उभा राहिला आणि त्यानं कडक आवाजात म्हाताऱ्याला इंग्रजीत विचारलं, तू त्याला काय दिलंस? म्हाताऱ्याला इंग्रजी येत नव्हतं. मास्तर म्हणाले, “शेटजी, तुमच्या बोलीत सांगा.” म्हातारा म्हणाला, “म्या त्याले सात देल्ले.” मी इंग्रजीत म्हणालो, त्यानं मला सात दिले. तुळशीराम सभेकडे वळून म्हणाला, त्यानं त्याला सात दिले. ज्या पोरांना डिपुटीनं उपरण्यात कोंडलं होतं ती आता ओरडायला लागली, आम्हाला द्या, आम्हाला द्या, उपरणं आम्हाला द्या! त्या शब्दासाठी वऱ्हाडातल्या शाळांत किती छड्या मोडल्या असतील, आणि इथे तो पोरांच्या तोंडून कुणी न मागता उडत होता. व्यापारी टाळ्या पिटत होते. पाचव्या मिनिटाला साहेब खुर्ची सोडून जमिनीवर बसला आणि त्यानं स्वतःचा हात उपरण्याखाली घातला. तुळशीरामानं त्याची बोटं इतकी दाबली की साहेबाचा चेहरा लाल झाला, पण साहेब बोलला बरोबर. मास्तर म्हणाले, “पास.”

त्या दिवशीच हुकूम फिरला. मास्तरांची जागा राहिली. राहिली म्हणजे काय, वऱ्हाडातल्या मास्तरांनी आळीपाळीनं अकोल्याला येऊन त्यांच्या वर्गात बसावं असं ठरलं. पुढची कित्येक वर्षं मोठमोठ्या मिशांचे मास्तर कापसाच्या गाठींवर बसून एकमेकांना पळी देताना मी पाहिलेत. परतताना मूर्तिजापुरात गाडी थांबवून मी पेढे वाटले आणि विकणाऱ्याशी घासाघीस केली नाही. तशी माझ्या हयातीत ती एकच वेळ.

पण पुस्तकाचं काय? मी साहेबाला विचारलं होतं. तो म्हणाला, पुढल्या आवृत्तीत बघू. पुढली आवृत्ती आली. बारावा पाठ दुरुस्त झाला होता. उपरणं मस्तकावरून हातांवर आलं होतं, हत्ता आला होता, ‘शेटजी, तुमच्या बोलीत सांगा’ हेसुद्धा आलं होतं. म्हणजे अमरावतीच्या सभेत मास्तरांनी सगळ्यांसमोर जे शिकवलं तेही उचललं. वरचं नाव तेच होतं.

मी ते पुस्तक मास्तरांपुढे आपटलं. त्यांनी बारावा पाठ वाचला, मान डोलावली. “आता बरोबर आहे,” असं म्हणाले. मग पुस्तक मिटून टोपलीत ठेवता ठेवता हळूच म्हणाले, “पाठ मात्र बाकी आहे त्याचा.”

आता मास्तर नाहीत. टोपली वहिनींकडे आहे, तिच्यात उलथनं आहे. तुळशीराम स्वतः मास्तर झाला आणि त्याच्या वर्गात तेच पुस्तक चालतं. डिपुटी पेन्शन घेऊन पुण्यात आहेत, असं ऐकतो. हे त्यांच्यापर्यंत पोचेल याची तजवीज मी केली आहे.

डिपुटीसाहेब, मला तुमच्याकडून दुसरं काही नको. जे अकरा वर्षांच्या तुळशीरामानं चौथ्या दिवशी केलं, तेवढंच करा. द्यायला दोघं लागतात, सांगायला तिसरा. देणारा गेला. तिसरा मी, मी सांगितलं. आता घेणाऱ्यानं उभं राहावं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणावं, वऱ्हाडीत नको असेल तर तुमच्या शुद्ध मराठीत म्हणावं: ‘ही वही त्यांनी मला दिली.’

बोला. पाठ बाकी आहे.